सिंगापुरांतील तीन दिवस

तीन दिवसांच्या सिंगापूरच्या सहलींत काय खावें, काय घ्यावें, आणि काय प्यावें? पहिलें उत्तर सोपें आहे. रस्त्यावरील खाद्यविक्रेत्यांना सरकारनें १९७० नंतर छपराखालीं, नळाच्या पाण्यासह जागा दिल्या. त्या खाद्यसंस्कृतीस युनेस्कोनें २०२० सालीं मान्यता दिली. चिनी, मलायी व तामिळ पदार्थ तेथें एकाच मेजावर येतात. मात्र पालेभाजींतही कोळंबीचें वाटण असूं शकतें. शाकाहारी माणसानें आधीं विचारावें.

खरेदीस सेरांगून रस्त्यावरील टेक्का बाजार बरा : खालीं भाजीपाला, वर कापडाचीं दुकानें.

राहिला पेयाचा प्रश्न. रॅफल्स हॉटेलांतील ‘सिंगापूर स्लिंग’ १९१५ च्या सुमारास न्गियाम टोंग बून यांनीं सिद्ध केलें, असें सांगतात. स्त्रियांनीं चारचौघांत मद्य घेणें तेव्हां अशिष्ट मानीत. म्हणून जिनला फळांच्या रसाचें गुलाबी रूप दिलें, अशी त्याची कथा आहे. आज त्या पडद्याचें प्रयोजन उरलेलें नाहीं. जिला घ्यावयाचें तिनें उघड घ्यावें. जिला नको तिनें शेजारीं बसून निःसंकोच अननसाचा रस मागवावा. आणि दोघींनींही एकमेकींस उपदेश करूं नये. सहलीची गोडी त्यांतच आहे.