घरातले खेळ आणि वेळेचा हिशेब

जून महिना उजाडला की दप्तरे, वह्या, रेनकोट आणि पाण्याच्या बाटल्या यांच्या खरेदीसाठी गावोगावच्या बाजारपेठा फुलून जातात. गेल्या काही दशकांत या गर्दीत एका नव्या विद्यार्थ्याची भर पडली आहे. त्याचे वय तीन वर्षांचे. शर्टाची गुंडी त्याला अजून धड लावता येत नाही. पण त्याच्या नावाने फी भरली जाते, गणवेश घेतला जातो आणि महिना लोटतो न लोटतो तोच त्याच्या दप्तरातून गृहपाठ घरी येऊ लागतो. कधी एका अक्षराची चार पाने गिरवायची असतात, तर कधी रंगीत कागदाचे फुलपाखरू करून न्यायचे असते. अक्षरे रडतरखडत गिरवली जातात. फुलपाखरू मात्र रात्री अकरापर्यंत जागून आईने केलेले असते. घर आणि शाळा यांच्या सहकार्याचा हा नमुना पाहिला म्हणजे या वयाच्या मुलाने घरी काय शिकावे, आणि ते कोणी व केव्हा शिकवावे, या प्रश्नाचा मुळापासून विचार करण्याची गरज पटते.

या प्रश्नाकडे सहसा मानसशास्त्राच्या दृष्टीने पाहिले जाते. परंतु त्याला अर्थशास्त्राचीही एक बाजू आहे. शिक्षण ही विकत घेण्याची वस्तू आहे आणि जितकी किंमत अधिक तितका माल चांगला, अशी समजूत पगारदार वर्गात दृढ झाली आहे. मग नर्सरीची फी आणि शैक्षणिक खेळण्यांचे संच यांच्यासाठी पोटाला चिमटा घेऊन पैसे बाजूला काढले जातात. वास्तविक तीन ते सहा या वयातील शिक्षणास लागणारे बहुतेक साहित्य घरात पडलेलेच असते. तुटवडा असतो तो वेळेचा. आणि या तुटवड्याची चर्चा मात्र क्वचितच होते.

कोसबाडचा धडा

महाराष्ट्राला ही गोष्ट नवी नाही. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममधील गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह सुरू केले. त्यांची विचारसरणी गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी आपल्याकडे रुजविली. भावनगरचे बालमंदिर १९२० सालचे, तर नूतन बालशिक्षण संघ १९२६ सालचा. परंतु माँटेसरींची काटेकोर मापाची, घोटीव लाकडी साधने येथील खेड्यांना परवडणारी नव्हती. १९४५ मध्ये ताराबाईंनी ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर काम उभे केले, तेव्हा खडे, शंख-शिंपले, बिया, पाने, काड्या हीच त्यांची साधने झाली. आदिवासी पाड्यांवरची मुले बालवाडीत येईनात, कारण त्यांच्यामागे धाकट्या भावंडांना सांभाळण्याची आणि गुरे राखण्याची कामे होती. तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. १९७५ साली २ ऑक्टोबरला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांमुळे ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर पसरला.

या इतिहासातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक, चांगले बालशिक्षण महागड्या साधनांवर अवलंबून नसते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. घरातील माणसांचे श्रम आणि त्यांचा वेळ ध्यानात घेतल्याशिवाय ते शिक्षण मुलांपर्यंत पोहोचत नाही. पहिली गोष्ट आपण भाषणांतून सांगतो, दुसरी विसरतो.

डाळ-तांदळाचे गणित

पहिली गोष्ट जरा तपशिलाने पाहण्यासारखी आहे. जेवणाची ताटे मांडण्याचे साधे काम घ्यावे. घरात पाच माणसे, म्हणून पाच ताटे. प्रत्येक ताटाशी एक वाटी आणि एक पाण्याचे भांडे. हे काम करणारे चार वर्षांचे मूल ‘पाच’ म्हणजे काय ते हाताने शिकते. एक ते शंभर अंक घडाघडा म्हणून दाखविणाऱ्या मुलाला पाच चमचे आणून देता येतीलच असे नाही, कारण अंकांची नावे पाठ असणे वेगळे आणि संख्येची कल्पना येणे वेगळे. हरभरे, वाल आणि राजमा एका ताटात मिसळून ते वेगळे करावयास दिले की वर्गीकरणाचा पाठ होतो. वाळलेल्या कपड्यांतून मोज्यांच्या जोड्या लावणे, रुमालांच्या घड्या घालणे, तांब्यात किती पेले पाणी मावते ते ओतून पाहणे, ही आकाराची आणि मापाची ओळख होय. मटारच्या शेंगा सोलताना आणि कणकेच्या उंड्याचा साप किंवा लाडू करताना बोटांना जी ताकद येते, तिच्यावाचून पेन्सिल नीट धरता येत नाही. बोटे तयार होण्यापूर्वी चार-चार पाने गिरवून घेणे म्हणजे पाया घालण्याआधीच भिंत चढविणे होय.

भाषेचेही तसेच आहे. आजीने काऊ-चिऊची गोष्ट चारदा सांगितल्यावर पाचव्या वेळी त्यात एक शब्द बदलला, तर मूल तिला अडवते आणि चूक दुरुस्त करते. क्रम लक्षात ठेवणे, कार्यकारण ओळखणे आणि भाषेकडे कान देणे, या तिन्ही गोष्टी त्या अडवण्यात आहेत. इंग्रजी माध्यमाच्या धास्तीने काही घरांत ही गोष्टच बंद होते आणि तिच्या जागी फळांची आणि रंगांची इंग्रजी नावे विचारली जातात. घरातल्या मोठ्यांना जी भाषा मोकळेपणाने बोलता येते ती थांबवावयाची आणि जी जेमतेम येते तिच्यात लेकराशी तुटक बोलावयाचे, यात मुलाचा तोटाच आहे.

अर्थात, काही पथ्ये पाळावी लागतात. लहान मुले दाणे नाकात, कानात, तोंडात घालतात. तेव्हा असे खेळ मोठ्यांनी शेजारी बसूनच खेळावयाचे, आणि तीन वर्षांच्या आतील मुलांच्या हाती बारीक दाणे द्यावयाचेच नाहीत. मूल कंटाळले की खेळ थांबवावा. आणि त्याची परीक्षा मुळीच घेऊ नये. पाहुण्यांसमोर उभे करून रंग ओळखावयास लावले की खेळाचा गृहपाठ होतो.

जमैकातील एक प्रयोग

अशा साध्या खेळांनी आयुष्यात फरक पडतो काय, अशी शंका कोणी घेतील. तिला जमैका देशातील एका प्रयोगाने उत्तर दिले आहे. राजधानी किंग्स्टनमधील गरीब वस्त्यांत १९८६-८७ साली कुपोषणाने वाढ खुंटलेली १२९ बालके निवडण्यात आली. त्यांचे वय ९ ते २४ महिने होते, म्हणजे नर्सरीच्याही आधीचे. काहींना दुधाचा पूरक आहार देण्यात आला, काहींच्या घरी आठवड्यातून एकदा तासभर आरोग्यसेविका जाऊ लागली, काहींना दोन्ही मिळाले आणि काहींना काहीच नाही. ही सेविका टाकाऊ वस्तूंपासून केलेली खेळणी नेई, आईला आणि मुलाला एकत्र खेळावयास बसवी आणि खेळणी पुढच्या आठवड्यापर्यंत घरी ठेवी. दोन वर्षे हे चालले. सुमारे वीस वर्षांनी पाहणी झाली, तेव्हा ज्यांच्या घरी हा खेळ पोहोचला होता त्यांची कमाई न पोहोचलेल्यांच्या मानाने २५ टक्क्यांनी अधिक आढळली. वाढ न खुंटलेल्या मुलांच्या बरोबरीला ते आले होते. केवळ पूरक आहाराचा असा टिकाऊ लाभ दिसला नाही. हे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले.

या प्रयोगात खेळण्यांवर फारसा खर्च नव्हता. खर्च होता तो पगारी सेविकेच्या तासाचा आणि आईच्या तासाचा. आईच्या हाती खेळण्यांचा संच देऊन कोणी निघून गेले नाही. प्रशिक्षित बाई दर आठवड्याला परत आली, हे त्यातील मर्म आहे.

वेळ कोणाचा?

अर्थशास्त्रात संयुक्त उत्पादन अशी एक कल्पना आहे. ज्या गाळपातून साखर निघते, त्यातूनच मळीही मिळते. ताटे मांडताना किंवा शेंगा सोलताना मूल शिकते, तेव्हा घरकामातून शिक्षणही असेच निघते. म्हणून घरच्या शिक्षणाकरिता वेगळा तास काढावा लागत नाही, असे सांगितले जाते. यात तथ्य आहे, पण अर्धेच. मूल मदतीला आले की काम लांबते. दहा मिनिटांत निवडून होणाऱ्या भाजीला अर्धा तास लागतो आणि सांडलेले पाणी पुसावे लागते ते निराळेच. ही जादा वीस मिनिटे कोणाच्या तरी दिवसातून यावी लागतात.

ती कोणाच्या दिवसातून येतात हे सांगण्यास फार संशोधनाची गरज नाही, तरी आकडे उपलब्ध आहेत. २०१९ सालच्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार, सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी ८१.२ टक्के स्त्रिया दिवसातून काही वेळ बिनमोल घरकाम करीत होत्या आणि त्यात त्यांची सरासरी २९९ मिनिटे जात होती. पुरुषांपैकी असे काम करणारे २६.१ टक्के, आणि त्यांची सरासरी ९७ मिनिटांची. तेव्हा ‘पालकांनी मुलांना वेळ द्यावा’ या उपदेशातील ‘पालक’ हा शब्द बहुतेक घरांत आई असाच वाचला जातो. चार घरची धुणीभांडी करून रात्री परतणाऱ्या बाईने, किंवा उपनगरातून सकाळची लोकल पकडणाऱ्या कारकून स्त्रीने, या पाच तासांत आणखी अर्ध्या तासाची भर घालावी असे सुचविणे सोपे आहे. रविवारी मुलाचा हात धरून मंडईत जाणारा, त्याला लिंबे मोजावयास लावणारा आणि संध्याकाळी त्याच्यासह कपड्यांच्या घड्या घालणारा बाप, ही या हिशेबातील आवश्यक बाब आहे. तो घरात असेल तर खेळ टिकतील. नसेल तर आईच्या कामांच्या यादीत आणखी एक काम वाढेल.

शासनाला पळवाट नको

घरातील शिक्षणाचा गौरव करताना आणखी एक सावधगिरी हवी. या गौरवाचा आधार घेऊन शासनाने आपली जबाबदारी घरांवर ढकलू नये. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा वर्षांपर्यंतच्या बालकांचे संगोपन आणि शिक्षण यांची तरतूद करण्यासाठी शासनाने प्रयत्न करावा, असे मार्गदर्शक तत्त्व घालून दिले. सक्तीच्या शिक्षणाचा हक्क मात्र सहा वर्षांनंतर सुरू होतो. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ या वयाचा एक पायाभूत टप्पा मानला. त्याच वर्षी महासाथीमुळे अंगणवाड्या बंद झाल्या आणि घरी करावयाच्या कृती मोबाइलवरून पाठविण्यात येऊ लागल्या. ज्या घरात मोठे माणूस आणि मोकळा फोन होता, तेथे त्यांचा उपयोग झाला. ज्या घरातला एकुलता फोन बापाच्या खिशातून कामावर जात होता, तेथे त्या पोहोचल्याच नाहीत. घराच्या भरवशावर सोडलेले शिक्षण घराघरांतील विषमता जशीच्या तशी पुढच्या पिढीला देते, हा त्या काळाचा धडा आहे.

म्हणून अंगणवाडी सेविकेला वजने, नोंदी आणि सर्वेक्षणे यांच्या ओझ्यातून मोकळे करून घरभेटीला आणि खेळाला वेळ मिळाला पाहिजे, आणि या कामाचा मोबदला मानधन म्हणून नव्हे तर पगार म्हणून मिळाला पाहिजे. २०१७ च्या कायद्याने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सक्ती केली. परंतु नोकरदार नसलेल्या बहुसंख्य कष्टकरी स्त्रियांना तिचा लाभ नाही. त्यांची मुले अंगणवाडीत पुरेसे तास राहू शकली, तरच त्यांच्या घरी संध्याकाळी गोष्ट सांगण्याइतके त्राण उरेल.

शिशुवर्गांच्या शिक्षिकांनाही पुष्कळ करता येण्यासारखे आहे. यशपाल समितीने १९९३ साली दप्तराच्या ओझ्याविरुद्ध अहवाल दिला आणि नर्सरी प्रवेशासाठीच्या चाचण्या व मुलाखती बंद कराव्यात असे सुचविले. तीन वर्षांच्या मुलाचा गृहपाठ हे त्याच ओझ्याचे धाकटे भावंड आहे. रंगीत कागदाच्या फुलपाखराऐवजी ‘आज घरी ताटे मांडून या’, ‘आजीकडून एक कोडे ऐकून या’, एवढेच सांगितले तर आईची रात्र वाचेल आणि मूल दुसऱ्या दिवशी सांगण्यासारखे काही घेऊन येईल.

नर्सरीत निघालेल्या त्या मुलाला शर्टाची गुंडी अजून लावता येत नाही. रोज सकाळी घाईघाईने आईच ती लावून टाकते, कारण स्कूलबस दारात उभी असते. गुंडी काजातून पार करणे हा त्या वयातील एक मोठा अभ्यास आहे आणि त्याला फी पडत नाही. त्यासाठी कोणी तरी पाच मिनिटे शेजारी थांबावे लागते. ती पाच मिनिटे प्रत्येक घरात, आणि केवळ आईच्या वाट्यातून न काढता, कशी उपलब्ध होतील, हा बालशिक्षणाच्या धोरणाचा खरा प्रश्न आहे.