पत्त्यातला आकडा



परवा गावाहून पुतण्याचं पत्र आलं. पाकिटावर आमच्या जोगेश्वरी पूर्वचा पिन ४०००६० त्यानं नीट लिहिला होता. आत मात्र वेगळाच सूर होता. "काका, मोठा आकडा दिसला की छातीत धस्स होतं. शाळा सोडतो अन् बाबांबरोबर शेतीच बघतो." त्याला धाडलेलं उत्तर तुमच्या घरच्या पोरांनाही वाचून दाखवा.

बाळा, तू पाकिटावर लिहिलास तोच आकडा घे. त्यातल्या अंकांची बेरीज ४ अधिक ६, म्हणजे १०. दहानं चार लाख साठला भाग घाल, बाकी काही उरत नाही. ज्या आकड्याला आपल्याच अंकांच्या बेरजेनं पुरा भाग जातो, तो 'हर्षद', म्हणजे आनंद देणारा. रुळांपलीकडे जोगेश्वरी पश्चिमेचा पिन ४००१०२. बेरीज ७, पण सातानं भागलं तर ३ उरतात. तो हर्षद नव्हे.

हे नाव ठेवलं द. रा. कापरेकर मास्तरांनी. जन्म १९०५ सालचा, डहाणूचा. १९३० ते १९६२ त्यांनी देवळालीला शाळेत शिकवलं आणि फावल्या वेळात आकड्यांचे स्वभाव शोधले. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या एका मासिकात त्यांच्यावर लिहिलं आणि मास्तरांचं नाव दूरवर पोचलं.

आता पाटी घे. एक रुपया सात भावांत वाटायचाय. १ ला ७ नं भागत जा. दशांशचिन्हापुढं १४२८५७ येतं. बाकी उरते ३, २, ६, ४, ५ आणि शेवटी परत १. बाकी पहिलीच आली, म्हणून पुन्हा तेच सहा अंक. रहाटगाडग्याची गाडगी फिरून वर यावीत तसे.

आता १४२८५७ ला २ नं गुण. २८५७१४. तीननं गुण. ४२८५७१. गाडगी तीच, फक्त वर पहिलं येणारं गाडगं बदललं. चार, पाच, सहानं तू करून बघ. सातानं गुणलंस की सगळे नऊच, ९९९९९९.

पुढची गंमत मास्तरांची. या आकड्याला त्यानंच गुण. २०४०८१२२४४९ येतील. शेवटचे सहा अंक, १२२४४९, तोडून उरलेल्या २०४०८ मध्ये मिळव. परत १४२८५७! अशा आकड्यांना 'कापरेकर संख्या' म्हणतात.

बघ, एवढ्या मोठ्या आकड्याला लागलं काय? पाढे, बेरीज अन् थोडा धीर. तेवढं तुझ्याजवळ आहे. उद्या बाबांच्या मालाची पट्टी तपासायलाही हेच लागणार.

एक काम तुझ्यावर सोपवतो. १४२८५७ हर्षद आहे का? अंकांची बेरीज २७ होते. भाग घालून उत्तर कळव. ते आलं की शाळेचं पुढं बोलू. तोवर दप्तर खुंटीवरच असू दे, माळ्यावर टाकू नकोस.

तुझा काका