अलंग-मदन-कुलंग : तीन गड, दोन दिवस आणि दोर बांधणारी पोरं

समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा, इगतपुरी ते आमणे, ५ जून २०२५ ला सुरू झाला. ७६ किलोमीटर. कसारा घाटाखालून जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा. मुंबईकराला इगतपुरी आता अंगणात आल्यासारखी झाली. त्यानंतर साधारण महिनाभराने, ११ जुलैला, युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यातले अकरा महाराष्ट्रातले आणि आपल्या नाशिक जिल्ह्यातला साल्हेर त्यात आहे. आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले, मीही ठेवला. आनंदच आहे.

पण या दोन गोष्टी एकत्र झाल्या की काय होतं ते आपल्या तालुक्यात दर शनिवारी-रविवारी दिसतं. आज त्यातल्या एकाच जागेबद्दल लिहितोय. अलंग, मदन आणि कुलंग. ट्रेकवाल्यांच्या भाषेत 'एएमके'. पोस्ट मोठी आहे, वेळ असेल तरच वाचा.

ज्यांनी फक्त घोटी-भंडारदरा रस्त्यावरून लांबूनच पाहिलेत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कळसूबाईच्या रांगेत, कळसूबाईच्या पश्चिमेला हे तीन गड एकाच धारेवर ओळीने उभे आहेत. इगतपुरी आणि अकोले तालुक्यांची हद्द इथूनच जाते. आंबेवाडीतून निघून जंगलातून वर चढलं की अलंग आणि मदनच्या मधली खिंड लागते. डावीकडे अलंग, उजवीकडे मदन, मदनच्या पलीकडे कुलंग. तिन्ही साधारण साडेचार ते पाच हजार फुटांच्या घरात. खिंडीपर्यंत कुणीही दमछाक करत जाऊ शकतो. खरी गोष्ट त्याच्या पुढे सुरू होते.

पूर्वी दोन्ही गडांवर कातळात खोदलेल्या पायऱ्या थेट दरवाजापर्यंत जात होत्या. १८१८ साली पेशवाई संपली आणि इंग्रजांनी आपल्या भागातल्या किल्ल्यांच्या वाटा सुरुंग लावून तोडल्या. गड पुन्हा कुणी लढवू नये एवढाच हेतू. त्यामुळे आज पायऱ्या चढत चढत जावं आणि अचानक समोर नुसता उभा कातळ यावा, असं होतं. अलंगला हा टप्पा साठ-सत्तर फुटांच्या आसपास, मदनला त्याहून थोडा कमी. मदनच्या पायऱ्यांना तर एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला सरळ दरी. इथे हार्नेस, हेल्मेट, दोर, वरून सांभाळणारा माणूस हे सगळं लागतं आणि त्या माणसाला गाठ मारता येणं लागतं. यातला एक शब्दही जास्त नाही.

कुलंगला दोर लागत नाही. म्हणून लोक त्याला सोपा समजतात. चढ मात्र तिघांत सगळ्यात दमवणारा तोच, आणि तो बहुतेकांच्या वाट्याला दुसऱ्या दिवशी येतो, पाय संपलेले असताना. मदनकडून कुलंगकडे जाणारी वाट कारवीच्या रानातून आहे. तिथे ढोरवाटा इतक्या फुटतात, की माहीतगार नसेल तर माणूस तासभर गोल फिरून परत त्याच ओढ्यावर येतो. मोबाइलला रेंज असेल याचा भरवसा नाही.

आता जाहिराती काय म्हणतात ते बघा. "महाराष्ट्रातला सर्वात कठीण ट्रेक. दोन दिवस, एक रात्र, तीन गड. नवशिक्यांनाही संधी." माणशी फी साधारण तीन-चार हजार. सर्वात कठीण आणि नवशिक्यांसाठी, हे एकाच वाक्यात कसं बसतं हे मला कळलेलं नाही. बसवणाऱ्याचं कौतुक.

सगळेच ग्रुप असे नाहीत. वर्षानुवर्षे येणारे, पंधरा जणांच्या वर माणूस न घेणारे, आधी छोटे ट्रेक करून घेऊन मगच इथे आणणारे ग्रुपही आहेत. त्यांच्याकडून आपल्या पोरांनी बरंच काही शिकलंय. तक्रार त्यांच्याबद्दल नाही.

तक्रार गणिताबद्दल आहे. कुणी हे गणित जाहिरातीत मांडत नाही म्हणून इथे मांडतो. समजा एका शनिवारी पंचवीस-पंचवीसचे तीन ग्रुप खिंडीत आले. पंच्याहत्तर माणसं. अलंगच्या कातळावर एकावेळी एकच माणूस चढणार. हार्नेस अडकवणं, तपासणं, चढणं, वर जाऊन सुटणं, याला नवशिक्याचे पाच मिनिटं धरली, आणि हे फार उदार होऊन धरलंय, तरी ३७५ मिनिटं. म्हणजे सव्वासहा तास नुसते चढायला. उतरताना रॅपलिंगला माणशी चार मिनिटं धरा, आणखी पाच तास. झाले सव्वाअकरा तास. डिसेंबरातला अख्खा दिवस अकरा तासांचा. यात मदन आलेला नाही, चालणं आलेलं नाही, जेवण आलेलं नाही आणि मध्येच घाबरून रडायला लागलेला माणूसही आलेला नाही. (तो प्रत्येक ग्रुपमध्ये एक असतोच, आणि त्यात त्याची काही चूक नसते.)

मग हे दोन दिवसांत बसतं कसं? घाईने बसतं. चढताना दोन माणसांतलं अंतर कमी होतं. गाठ दुसऱ्यांदा तपासायची राहते. हेल्मेट दहा आणि माणसं पंचवीस असतील, तर वर गेलेल्याचं हेल्मेट खाली टाकलं जातं. अंधारात बॅटरीच्या उजेडात उतरवलं जातं. आणि खाली उन्हात तीन तास रांगेत बसलेल्यांची पाण्याची बाटली तिथेच संपते.

या सगळ्यात दोर कोण लावतं? आपली पोरं. आंबेवाडी, कुलंगवाडीची, कातळावर अनवाणी फिरत वाढलेली. ती आधी दोराशिवाय वर चढतात, दोर बांधतात, आणि मग फी भरलेला माणूस हेल्मेट घालून सुरक्षितपणे वर येतो. पोराच्या डोक्यावर हेल्मेट असतंच असं नाही. त्याला त्या दिवसाची मजुरी मिळते. विमा पाहुण्याचा काढलेला असेल, नसेल. या पोराचा कुणी काढलाय का, हा प्रश्न मी जिथे विचारला तिथे समोरच्याने विषय बदलला.

अपघात झाला तरी पहिला फोन गावातच येतो. खिंडीत पाय मोडलेला माणूस खाली आणायचा म्हणजे काय, हे ज्यांनी केलंय त्यांना विचारा. स्ट्रेचरला एकावेळी सहा-आठ माणसं लागतात, दर थोड्या वेळाने बदली लागते, म्हणजे वीसेक माणसं तरी हवीत. कातळटप्प्याच्या वर अडकला असेल तर आधी दोरावरून उतरवायचा. दोन-अडीच तासांच्या वाटेला सहा-सात तास लागतात. मग जीपने घोटी, आणि तिथून बहुतेकदा नाशिक. महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर ही गिर्यारोहकांची यंत्रणा राज्यभर स्वखुशीने हे काम करते, मोबदला न घेता. त्यांना सलाम. पण ते येईपर्यंतचे पहिले तीन-चार तास गावाचे असतात. आणि त्या तासांसाठी गावात काय आहे? बऱ्याचदा बांबू आणि घोंगडी.

प्रत्येक वेळी यावर एक उपाय पुढे येतो : लोखंडी शिड्या बसवा. कळसूबाईला आहेत ना, मग इथे का नको? गावातही काहींचं हे म्हणणं आहे आणि ते मी हसण्यावारी नेत नाही. शिडी झाली की माणसं वाढतील, माणसं वाढली की जेवणं वाढतील, हा हिशेब चुकीचा नाही. ज्याच्याकडे भाताचं एक पीक आणि वर थोडी नागली-वरई एवढंच आहे त्याने असा हिशेब करायचा नाही तर कुणी करायचा?

तरी माझा शिडीला विरोध आहे. कळसूबाई हे देवीचं ठाणं. नवरात्रात म्हाताऱ्या बायासुद्धा चढतात, तिथे शिड्या भाविकांची सोय आहेत. अलंग-मदनला कुणी नवस फेडायला जात नाही. आणि शिडी फक्त तो साठ-सत्तर फुटांचा तुकडा सोपा करते. त्याच्या खालच्या-वरच्या पायऱ्या, बाजूची दरी, घसरणारी माती, ते सगळं तसंच राहतं. आज दोर लागतो म्हणून निदान अर्धे लोक विचार करून येतात. उद्या शिडी झाली की चप्पल घालून येतील. कळसूबाईच्या शिड्यांवर रविवारी वर जाणाऱ्यांची आणि खाली येणाऱ्यांची कशी कोंडी होते ते बारीत जाऊन कुणीही बघावं. तीच कोंडी मदनच्या पायऱ्यांवर नुसती डोळ्यांसमोर आणा.

दुसरा उपाय म्हणजे बंदी. हा सरकारला फार आवडतो, कारण त्याला एक कागद लागतो. पावसाळ्यात बंदी असावी असं माझंही मत आहे. जून ते सप्टेंबर कातळावर शेवाळ असतं, पाण्याच्या धारा असतात, आणि गाव आवणीत गुंतलेलं असतं. चिखलातून रोपं सोडून कुणाच्या तरी हौसेसाठी स्ट्रेचर उचलायला पळायचं, हे वर्षाआड कशाला? पण बारमाही बंदी घातली तर चांगले ग्रुप येणार नाहीत आणि वाईट ग्रुप मागच्या वाटेने रात्री चढतील. एवढंच होईल.

कागद तसे आधीच आहेत. २०२१ साली राज्याच्या पर्यटन विभागाने साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. आयोजकांची नोंदणी, प्रशिक्षित मार्गदर्शक, प्रथमोपचार, सुरक्षेची साधनं, सगळं त्यात आहे. वाचायला चांगलं आहे. अडचण दोन ठिकाणी आहे. एक, शनिवारी पहाटे चार वाजता आंबेवाडीत उतरणाऱ्या बसला नोंदणी विचारणारा कुणी नाही. दुसरी जास्त बोचणारी. धोरणाच्या नजरेत प्रशिक्षित म्हणजे प्रमाणपत्रवाला. उत्तरकाशीला किंवा मनालीला जाऊन महिनाभराचा कोर्स केलेला मुंबईचा मुलगा मार्गदर्शक ठरतो, आणि ज्याने दोर बांधला तो 'लोकल हेल्पर'. त्या कोर्सची किंमत मी कमी करत नाही. गाठ कशी बसते, दोर कधी बाद करायचा, लटकलेल्या माणसाला हार्नेसमध्ये जास्त वेळ का ठेवायचं नाही, हे शिकावंच लागतं. कातळ पाठ असणं आणि सुरक्षा समजणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आपल्या पोरांनीही हे मान्य करायला हवं. मग शिकवा ना त्यांना. दहा पोरांना कोर्सला पाठवायचा खर्च एका स्वागत कमानीपेक्षा कमी येईल. आदिवासी विकासाच्या इतक्या योजना आहेत, त्यातल्या एखाद्या रकान्यात हे बसवणं अवघड नसावं.

भंडारदऱ्याच्या काजव्यांचं काय झालं ते आपण पाहिलंय. आधी चार हौशी माणसं यायची, गावात जेवायची. मग महोत्सव झाला, मग गाड्यांच्या रांगा, हेडलाइट, झाडाखाली धिंगाणा. मग नियम, वेळा, नाके. नियम आले ते नुकसान दिसल्यावर. इथे थांबायला तेवढी सवड नाही, कारण काजवे कमी झाले तर बातमी आतल्या पानावर येते आणि कातळावरून माणूस पडला तर घरात येते.

पाण्याचंही सांगून टाकतो. कुलंगवर ओळीने खोदलेली टाकी आहेत, अलंगवरही आहेत. काही शतकं टिकलेलं पिण्याचं पाणी. त्यात पोहतात. साबण लावतात. मॅगीची भांडी घासतात. मार्चनंतर त्याच टाक्यांवर पुढच्या माणसाचा जीव असतो. शिवाय गुहांसमोर चुली आणि धूर. कड्यावर आग्या मोहोळ असतं, आणि धुराने उठलेल्या माश्या दोरावर लटकलेल्या माणसाला पळायला जागा देत नाहीत.

तर मला काय हवंय? आंबेवाडीत एक नोंद-नाका, गावाच्या आणि वन विभागाच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीने चालवलेला. दिवसाला ठरावीक माणसं, माझ्या मते तीसच्या वर नकोत, वरच्या गणिताने तीसांना अलंग चढायला अडीच तास आणि उतरायला दोन तास लागतात, ते जमण्यासारखं आहे. दर सहा-सात माणसांमागे गावचा एक मार्गदर्शक सक्तीचा, त्याचा दर ठरलेला आणि फलकावर लिहिलेला, म्हणजे घासाघीस नको. त्याच फीतून त्याचा विमा. हेल्मेट माणशी एक, नसेल तर नाक्यावरून भाड्याने, मार्गदर्शकालासुद्धा. शाळेच्या खोलीत कुलपात एक स्ट्रेचर, दोर आणि प्रथमोपचाराची पेटी, आणि किल्ली कुणाकडे आहे ते सगळ्यांना माहीत. तिन्ही गड करायचे तर तीन दिवस. ज्याला दोनच दिवस आहेत त्याने दोन गड करावेत, तिसरा कुठे पळून जात नाही.

याला मंत्रालयात जावं लागत नाही. आपल्या पट्ट्यातली बरीच गावं पेसात येतात, तिथे ग्रामसभेच्या शब्दाला इतर ठिकाणांपेक्षा वजन आहे. २६ जानेवारीला ग्रामसभा होतेच. बहुतेक वेळा घरकुलांची यादी आणि चहा यात संपते. यावेळी हा विषय अजेंड्यावर घ्या. आयत्या वेळचा म्हणून नको, आधी लेखी द्या, नाहीतर बाजूला पडतो.

ठरावाचा मसुदा कुणाला हवा असेल तर मेसेज करा, मी लिहून देतो. आणि ट्रेक ग्रुप चालवणारे जे कुणी हे वाचत असतील, त्यांनी रागावण्याआधी कॉमेंटमध्ये एवढंच लिहावं, की मागच्या एएमकेला माणसं किती होती, हेल्मेट किती होते आणि दोर बांधणाऱ्याला किती दिले.