पेट्रोलांतील ऊस

आज पंपावरून गाडींत जें पेट्रोल पडतें, त्याचा जवळजवळ पांचवा हिस्सा इथेनॉलचा, म्हणजे ऊस, मका, तांदूळ यांपासून काढलेल्या मद्यार्काचा असतो. हें इंधन अगदीं निर्दोष, असें आमचे कॉलेजांत शिकणारे पुतणे मोठ्या आग्रहानें सांगतात. वनस्पति वाढतांना हवेंतून जो कर्बवायु घेते तोच जळतांना परत देते, सबब हिशेब शून्याशीं सुटतो, असें त्यांचें म्हणणें. पस्तीस वर्षें मुलांच्या वह्या तपासलेल्या माणसास इतका सफाईनें सुटलेला हिशेब पाहिला कीं, मधल्या पायऱ्या पाहाव्याशा वाटतात.

पहिली पायरी पाण्याची. उसाच्या साखरेपासून एक लिटर इथेनॉल होण्यास सुमारें २,८६० लिटर पाणी लागतें, असें नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालांत म्हटलें आहे. मोटारीच्या टाकींत ३५ लिटर पेट्रोल घातलें तर त्यांत इथेनॉल ७ लिटर. तें सारें उसाचें धरल्यास पाणी झालें २०,०२० लिटर. खेड्यांत माणशीं रोज ५५ लिटर पाणी पुरवावें, असें सरकारी प्रमाण आहे. म्हणजे एका माणसाचें वर्षाचें पाणी एका टाकींत संपलें!

तें येतें कोठून? महाराष्ट्रांत लागवडीच्या जमिनीपैकीं सुमारें चार टक्के जमीन उसाखालीं असते. पण सिंचनाचें निम्म्याहून अधिक पाणी ऊसच पितो. आडसाली ऊस तर दीड वर्ष शेतांत उभा असतो. एप्रिल २०१६ मध्यें लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. पहिल्या गाडीच्या १० वाघिणींत मिळून ५ लाख लिटर पाणी होतें. वरील प्रमाणानें तेवढ्या पाण्याचें इथेनॉल होतें अवघें १७५ लिटर. शेतकऱ्यास बोल लावण्याचें मात्र कारण नाहीं. उसास कायद्यानें ठरलेला दर आहे व घेणारा कारखाना आहे. ज्वारी-तुरीस बाजाराची लहर. मग त्यानें तरी काय करावें?

आतां खत. युरिया होतो तो नैसर्गिक वायूपासून. आणि शेतांत घातलेल्या नत्राचा कांहीं अंश नायट्रस ऑक्साइड होऊन हवेंत जातो. शंभर वर्षांच्या मुदतींत हा वायु वजनास वजन कर्बवायूच्या सुमारें २७० पट ताप वाढवितो. चिरंजीवांच्या हिशेबांत ही रकम नव्हती.

मळीपासून मद्यार्क काढण्यास माझी हरकत नाहीं. साखर केली कीं मळी उरतेच. (मागें राहणारें तें काळें, उग्र सांडपाणी ओढ्यांत सोडूं नये, एवढें मात्र पाहिलें पाहिजे.) हरकत आहे ती साखर न करतां रसच थेट आसवनीकडे नेण्यास. कारण मग ऊस इंधनासाठीं म्हणूनच लावला जातो, आणि कालव्यावरची नवी नवी जमीन त्याखालीं जाते. २०२३ सालीं पावसानें ओढ दिली, तेव्हां डिसेंबरांत केंद्र सरकारनें रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन घातलें खरें. पण तें साखर कमी पडेल या काळजीनें. ऑगस्ट २०२४ मध्यें पुढील हंगामापुरतें तें उठविण्यांतहि आलें.