टोला आणि दंड

चाळीच्या अंगणात विटीदांडू खेळणाऱ्या पोरांना पंच लागत नाही. विटी झेलली की जमिनीला लागली, हे घशाच्या जोरावर ठरते, आणि ज्याचा घसा आधी बसतो तो ‘रडीचा डाव खडी’ असे पुटपुटत बाजूला होतो. क्रिकेटमध्ये पंच असतो. त्याने बोट वर केले की फलंदाजाने मुकाट्याने तंबूची वाट धरायची. गोल्फचा मामला मात्र अजब आहे. तिथे आरोपी आपण, फिर्यादी आपण, आणि बहुतेक वेळा न्यायाधीशही आपणच!

आपल्यापैकी पुष्कळांनी गोल्फ कुंपणाबाहेरूनच पाहिलेला असतो. बाहेरून तो सोपा दिसतो. हिरव्यागार मैदानावर अठरा खळगे. चेंडू काठीने टोलवत एकेका खळग्यात घालायचा आणि अठरा खळगे मिळून ज्याचे टोले सर्वांत कमी तो जिंकला. यात नियम ते काय असणार? १७४४ साली स्कॉटलंडमधल्या लीथ गावच्या सद्गृहस्थांनाही तसेच वाटले असावे. त्यांनी तेरा नियम लिहिले आणि काम भागवले. पुढे ती संख्या चौतिसावर गेली, आणि त्या चौतिसांचा अर्थ लावणाऱ्या निवाड्यांचे जाडजूड बाड वेगळेच. (मराठी शुद्धलेखनाचे नियम अवघे अठरा आहेत, आणि तेवढे न चुकता पाळणारा विद्यार्थी मला अजून भेटायचा आहे.)

वाचकांना वाटेल, मी अतिशयोक्ती करतो आहे. मग हा एकच मासला पाहा. मैदानात ठिकठिकाणी वाळूचे खड्डे मुद्दाम केलेले असतात. तुमचा चेंडू त्यात पडला आणि शेजारी सिगारेटचे थोटूक असले, तर ते खुशाल उचलून फेकावे. पण वाळलेले पान असले आणि ते उचलले, तर दोन टोल्यांचा दंड! का? तर थोटूक मनुष्यनिर्मित आणि पान निसर्गनिर्मित. केळ्याची साल कोणी टाकली असेल तर? टाकली माणसाने, पण घडवली निसर्गाने. सबब हात लावायचा नाही. हा न्याय २०१८ अखेरपर्यंत चालू होता. आमचे न्यायशास्त्राचे जुने पंडित ‘तुपाचा आधार पात्र की पात्राचा आधार तूप’ यावर रात्री जागवत. ते इथे रमले असते.

या साऱ्या गोंधळाचे मूळ मला त्या लीथच्या तेरा नियमांतच दिसते. चेंडू हरवला, तर मागे जाऊन पुन्हा खेळावे आणि झाल्या दुर्दैवाबद्दल प्रतिपक्षाला एक टोला द्यावा, असे त्यांनी ठरवले होते. दुर्दैवाबद्दल! अपराधाबद्दल नव्हे. जगातल्या इतर न्यायालयांत ‘तुझा हेतू काय होता’ असे विचारतात. गोल्फने तो प्रश्न शतकानुशतके सहसा विचारलाच नाही. लबाडी, निष्काळजीपणा आणि फुटके नशीब हे तिघे एकाच पिंजऱ्यात उभे.

क्रेग स्टॅडलर या अमेरिकन खेळाडूची गोष्ट घ्या. १९८७ साली सॅन डिएगोच्या स्पर्धेत त्याचा चेंडू एका झाडाच्या खाली गेला. फांद्या इतक्या खाली आलेल्या, की गुडघे टेकल्याशिवाय टोला मारता येईना. जमीन ओली. विजार खराब होऊ नये म्हणून त्याने पंचा अंथरला, त्यावर गुडघे टेकले आणि चेंडू मारला. दुसऱ्या दिवशी ते दृश्य दूरचित्रवाणीवर दिसले आणि घरबसल्या पाहणाऱ्या कोणा नियमपंडिताने कळवले, की ‘उभे राहण्यासाठी जागा बांधणे’ निषिद्ध आहे! म्हणजे आदल्या दिवशी दोन टोल्यांचा दंड व्हायला हवा होता. तो नोंदलेला नाही, म्हणजे सही केलेला कागद चुकीचा. आणि कागद चुकीचा, म्हणजे खेळाडू स्पर्धेतून बाद. दुसऱ्या क्रमांकाच्या बरोबरीत आलेला गडी पंचाने घालवला. पंच लागलाच नाही! पुढे १९९५ मध्ये ते झाड रोगट होऊन पाडायचे ठरले, तेव्हा ते तोडण्यासाठी स्टॅडलरलाच सन्मानाने बोलावले होते.

ही हसण्यासारखी गोष्ट. रॉबर्टो दे व्हिसेन्झोची मात्र हसण्यासारखी नाही. हा अर्जेंटिनाचा खेळाडू. १४ एप्रिल १९६८ रोजी अमेरिकेत ऑगस्टाला मास्टर्स स्पर्धेचा शेवटचा दिवस होता, आणि त्याच दिवशी त्याचा पंचेचाळिसावा वाढदिवस. पहिला खळगा त्याने दोनच टोल्यांत घेतला. असा खेळ आयुष्यात एखाद्या दिवशीच हाताला लागतो. दिवसअखेर त्याचे पासष्ट टोले झाले आणि बॉब गोल्बीशी बरोबरी झाली. दुसऱ्या दिवशी दोघांचा निर्णायक सामना व्हायचा.

पण गोल्फमध्ये तुमचे टोले तुमच्या सोबतचा खेळाडू लिहितो आणि तुम्ही ते तपासून सही करता. सतराव्या खळग्यावर रॉबर्टोने तीन टोले घेतले होते; सोबत्याने लिहिले चार. हजारो प्रेक्षकांनी तीन पाहिले, दूरचित्रवाणीवर लाखोंनी पाहिले. रॉबर्टोने न पाहता सही केली. नियम असा, की सही केलेला आकडा खऱ्यापेक्षा कमी असेल तर खेळाडू बाद. जास्त असेल तर तोच जास्तीचा आकडा कायम. पासष्टाचे सहासष्ट झाले, निर्णायक सामना झालाच नाही आणि गोल्बी विजेता ठरला. त्या बापड्याचा तरी काय दोष? पण लोकांची रागाची पत्रे त्यालाही आली. रॉबर्टोने सोबत्याला बोल लावला नाही. सगळा दोष आपल्या पदरात घेतला.

गंमत अशी, की एकूण बेरजेची जबाबदारी खेळाडूवर नसतेच. ती स्पर्धेच्या समितीची. त्याने फक्त एकेका खळग्याचा आकडा जपायचा. उत्तरपत्रिका तपासण्यात वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्याला हे फार लागते. आमच्याकडे गुण चुकीचे चढले, तर पोरगा शुल्क भरून गुणपडताळणी मागू शकतो. रॉबर्टोला ती खिडकीच नव्हती.

कडकपणाला दुसरी बाजू आहे, हे मीही मानतो. १९२५ च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेत बॉबी जोन्सचा चेंडू गवतात किंचित हलला. दुसऱ्या कोणी पाहिले नव्हते. त्याने स्वतःच एक टोला दंड लावून घेतला, आणि शेवटी निर्णायक सामन्यात एका टोल्याने हरला. ज्या खेळात अशी माणसे घडतात, तिथे सहीला मोल असणारच.

पण घरबसल्या चहा पीत दुसऱ्याच्या चुका कळवणाऱ्यांचे काय? २०१७ मध्ये कॅलिफोर्नियात बावीस वर्षांची लेक्सी थॉम्पसन शेवटच्या दिवशी आघाडीवर होती. बारा खळगे झाल्यावर तिला सांगण्यात आले, की काल तू चेंडू उचलून परत ठेवताना बोटभर बाजूला ठेवलास, असे एका प्रेक्षकाने कळवले आहे. दोन टोले त्याचे, आणि चुकीच्या कागदावर सही केली म्हणून आणखी दोन. रडत रडत ती खेळत राहिली, बरोबरीपर्यंत आली आणि निर्णायक खळग्यावर हरली. चूक तिची होती, हे खरे. पण ठाऊकच नसलेल्या दंडासाठी सहीचा वेगळा दंड, हा दुहेरी मार झाला.

तेव्हा मात्र नियम करणाऱ्यांना पाझर फुटला. २०१८ पासून प्रेक्षकांच्या तक्रारी घेणे बंद झाले, आणि अजाणता राहिलेल्या दंडासाठी सहीचा जादा दंडही गेला. २०१९ मध्ये चौतीस नियमांचे चोवीस झाले. वाळूतले पान आता उचलता येते. शोधताना चुकून आपलाच चेंडू हलला, तर दंड नाही. हेतू विचारायला थोडी सुरुवात झाली म्हणायची.

सहीचा नियम तेवढा उभा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये जॉर्डन स्पीथने लॉस एंजेलिसजवळच्या स्पर्धेत चौथ्या खळग्यावर चाराऐवजी तीन लिहिलेल्या कागदावर सही केली आणि तो बाद झाला. प्रत्येक टोला यंत्रे मोजत होती; खरा आकडा सर्वांना ठाऊक होता. चुकीचा आकडा दुरुस्त करून वर एखादा टोला दंड घ्यावा, एवढे माझे मत. लबाडीला बाद करणे ठीक. पण थकल्या डोळ्यांना तीच शिक्षा कशाला?