उडी मारता येत नाही? मग खणा!

शुक्रवारी संध्याकाळी कुठल्याही ऑफिसच्या लिफ्टमध्ये जरा कान द्या. ‘या वीकेंडला ते संपवायचंच,’ असं कुणीतरी म्हणत असतंच. ‘ते’ म्हणजे ऑफिसचं काम नव्हे हं! अर्धवट राहिलेलं अ‍ॅप, तीन सीनवर अडकलेली एकांकिका, शॉर्टफिल्मची स्क्रिप्ट. माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांच्या लॅपटॉपमध्ये असं एक फोल्डर आहे. सोमवारी त्याची चौकशी करायची नाही, हा आमच्यातला अलिखित नियम.

अशा समस्त फोल्डरवाल्यांसाठी आज एका गेमची गोष्ट. नाव ‘लोड रनर’. हा लोड म्हणजे कामाचा लोड नाही, खाणीतली धातूची शीर!

डग्लस स्मिथ हा अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात आर्किटेक्चर शिकणारा मुलगा. विद्यापीठातल्या मोठ्या कॉम्प्युटरवर मित्रामित्रांनी मिळून केलेला ‘काँग’ नावाचा एक खेळ होता. चित्रंबित्रं नाहीत, पडद्यावर नुसती अक्षरं आणि चिन्हं. १९८१ मध्ये एका वीकेंडला स्मिथने तो ‘अ‍ॅपल टू’ या घरगुती कॉम्प्युटरवर उतरवला. कच्चा, पण खेळता येणारा.

खेळ दिसायला अगदी व्हिडिओ पार्लरमधला. विटांचे मजले, शिड्या, सोन्याच्या पेट्या आणि मागे लागलेले पहारेकरी. सगळं सोनं गोळा करा आणि वरून सटका. गंमत अशी की हिरोला उडीच मारता येत नाही. ढिशुमढिशुम तर नाहीच नाही. येतं फक्त एक काम. आपल्या डाव्या किंवा उजव्या बाजूची, पायाखालच्या थरातली वीट खणायची. पहारेकरी खड्ड्यात पडला की त्याच्या डोक्यावरून खुशाल चालत जायचं.

स्वतःच्या थेट पायाखाली मात्र खणता येत नाही. म्हणजे तीन थर खाली पुरलेलं सोनं काढायचं तर वर आधी तीन विटा रुंद खणावं लागतं. तेही भराभर, कारण खणलेला खड्डा थोड्याच वेळात आपोआप बुजतो आणि तुम्ही आत असाल तर संपलात! हल्ली मी तो एम्युलेटरवर खेळते. बोटं पळत असतात आणि डोकं बुद्धिबळ खेळत असतं.

स्मिथने १९८२ मध्ये हा गेम ‘ब्रॉडरबंड’ कंपनीकडे पाठवला. उत्तर आलं एका ओळीचं. आमच्या यादीत बसत नाही, सॉरी. बस्स!

इथे तुम्ही-आम्ही काय केलं असतं? फोल्डर बंद करून ‘त्यांना कळतच नाही’ म्हणत कटिंग चहा प्यायलो असतो. स्मिथने स्वतःच्या गेमकडे पुन्हा पाहिलं. तो काळा-पांढरा होता आणि जॉयस्टिकवर चालत नव्हता. गड्याने उसने पैसे काढून कलर मॉनिटर आणि जॉयस्टिक आणला आणि पुन्हा कामाला बसला. त्याच वर्षी नाताळाच्या सुमारास त्याने नव्या रूपातला गेम चार कंपन्यांना पाठवला. चौघींकडून होकार! त्यात ब्रॉडरबंडही होतीच आणि स्मिथने तिलाच निवडलं. हीच ती कंपनी, जिने पुढे आपल्या लाडक्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ला बाजारात आणलं.

१९८३ मध्ये ‘लोड रनर’ आला. ४८ केबी मेमरीच्या मशीनवर चालणारा आणि तब्बल १५० लेव्हल्सचा! आज फोनमधला एक साधा फोटोही याहून कितीतरी जड असतो. शिवाय सोबत होता लेव्हल एडिटर. म्हणजे घरबसल्या कुणीही आपला स्वतःचा चक्रव्यूह रचावा. एरवी पार्लरमधले गेम घरी यायचे. हा मात्र उलटा गेला. १९८४ मध्ये जपानच्या ‘आयरेम’ कंपनीने त्याचं नाणं टाकून खेळायचं मशीन काढलं.

आता सगळ्यांनाच काही चार होकार येत नाहीत, हे मलाही कळतं. ज्यांना पाचव्यांदाही नकार आला, त्यांच्यावर कॉलम लिहिले जात नाहीत. आणि कर्ज काढा असंही मी म्हणत नाहीये, आधीचेच इएमआय पुरेसे आहेत! पण नकार आला तो त्या दिवशी जसा होता तशा गेमला. माणसाला नव्हे. हा फरक ज्याला पटला, तो फोल्डर पुन्हा उघडतो.

स्मिथ २०१४ मध्ये गेला. त्याचा तो बिनउडीचा हिरो मात्र अजून पळतोय.

तेव्हा मंडळी, वीकेंड आलाय. थेट खाली जाता येत नसेल तर थोडं बाजूला खणा. फक्त खड्डा बुजायच्या आत, एवढं लक्षात ठेवा!