शोध एकाचा, उद्योग दुसऱ्याचा

दोन देशांच्या कारखानदारीची तुलना करावयाची झाल्यास आपण प्रथम आकडे पाहतो, आणि ते योग्यच आहे. परंतु आकडे काय घडले एवढेच सांगतात. ते का घडले, हे शोधण्याचे काम वाचणाऱ्याचे असते. ब्रिटन आणि जर्मनी यांचा १८८० ते १९१३ या काळातील इतिहास या दृष्टीने फार बोधप्रद आहे.

पॉल बैरोक या इतिहासकाराच्या गणनेनुसार १८८० साली जगातील कारखानी उत्पादनात ब्रिटनचा वाटा सुमारे २३ टक्के, तर जर्मनीचा अवघा साडेआठ टक्के होता. १९१३ साली ब्रिटन १३.६ टक्क्यांवर उतरला आणि जर्मनी १४.८ टक्क्यांवर चढला. यावरून ब्रिटनचे कारखाने बंद पडले, असे मात्र कोणी समजू नये. या ३३ वर्षांत ब्रिटनचे उत्पादन जवळजवळ पावणेदोन पट झाले. जर्मनीचे पाचपट झाले. पुढे असलेला थांबला नव्हता. मागून येणारा अधिक वेगाने धावत होता.

पोलादात हा फरक ठळक दिसतो. १९१३ साली ब्रिटनने सुमारे ७७ लाख टन पोलाद तयार केले, तर जर्मनीने १७० लाख टनांहून अधिक. जर्मनीची लोकसंख्या मोठी होती हे खरे. पण दरडोई हिशेब केला तरी जर्मनीच पुढे राहतो. नवल हे की, यातील बरेचसे पोलाद ज्या पद्धतीने बनले, ती एका इंग्रजाने शोधली होती. सिडनी गिलख्रिस्ट टॉमस हा लंडनच्या पोलीस कोर्टातील कारकून. रसायनशास्त्राचा अभ्यास तो रात्री करी. खनिजात फॉस्फरस असल्यास पोलाद ठिसूळ होते. भट्टीला चुनखडीच्या जातीचे अस्तर लावून हा दोष घालविण्याची युक्ती त्याने आपल्या मामेभावाच्या साहाय्याने १८७९ पर्यंत सिद्ध केली. लोरेनमधील खनिज फॉस्फरसयुक्त असल्यामुळे तिचा मोठा लाभ जर्मनीला झाला.

येथे खनिजाचे निमित्त तरी सांगता येते. रंगांच्या बाबतीत तेही सांगता येत नाही. १८५६ साली अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनने लंडनमध्ये डांबरातून मिळणाऱ्या द्रव्यापासून जांभळा रंग बनविला. डांबर इंग्लंडमध्ये विपुल होते आणि रंग विकत घेणाऱ्या कापडगिरण्याही तेथेच होत्या. तरीही पहिल्या महायुद्धापूर्वी जगातील बहुतेक कृत्रिम रंग जर्मनीत तयार होत. कारण तेथील विद्यापीठांनी सुसज्ज प्रयोगशाळा उभारल्या होत्या आणि त्यांतून शिकून निघालेल्या रसायनशास्त्रज्ञांना कारखान्यांनी संशोधनासाठी आपल्याकडे ठेवून घेतले होते. याची झळ भारतालाही लागली. १८९७ साली जर्मन कृत्रिम नीळ बाजारात आली आणि बिहारमधील निळीचा व्यापार ओसरू लागला.

बुद्धिमत्ता ही कोणा एका राष्ट्राची मिरासदारी नव्हे. शोध लावणारा एखादाच निघतो. पण तो शोध पेलण्यास शिकलेले हजारो हात लागतात, आणि ते शाळांतूनच तयार होतात. म्हणून विद्यार्थी मित्रांनो, प्रयोगशाळेतील तास म्हणजे केवळ गुण मिळविण्याची सोय असे मानू नका. आणि पालकांनीही मुलाला किती गुण पडले हे विचारताना, यंदा त्याने स्वतःच्या हाताने काय करून पाहिले, हेही अवश्य विचारावे.